खाडीच्या मध्यावर थांबलेली वल्ही

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधी, इथल्या धक्क्यावर इनास नावाचा नावाडी होता. पहाटे होडीला हात लावण्याआधी तो क्रूसाची खूण करी. सकाळ, दुपार, संध्याकाळ, चर्चमधली आंजेलसची, म्हणजे मारियामातेच्या प्रार्थनेची, घंटा झाली की असेल तिथे वल्ही पाण्याबाहेर काढी आणि ‘नमो मारिया’ म्हणे. मग ओहोटी लागलेली असो, नाहीतर बाजाराची माणसं खोळंबलेली असोत. लोक वैतागत. याची होडी वल्ह्यांवर नाही, प्रार्थनेवर चालते, म्हणून चेष्टा करत. इनास हसे आणि पुन्हा वल्हवू लागे.

त्याची बायको तापाने गेली, त्या संध्याकाळीही घंटा झाली आणि तो होडीत उभा राहिला. मन प्रार्थनेत नव्हतं. खरं सांगायचं तर देवावर त्याचा रागच होता. तरी त्याने ओठ हलवले. मन कधीतरी परत येईल, तेव्हा त्याला वाट सापडायला हवी, एवढंच तो म्हणाला, असं म्हणतात.

मागे एकच लेक राहिली, कार्मेलीन. नाताळाच्या आधी ती बाळंतपणासाठी माहेरी आली आणि अडली. सुईणीने हात टेकले. पलीकडच्या मठात औषधपाणी जाणणाऱ्या सिस्टर होत्या, तिकडे न्या म्हणाली. इनासने लेकीला होडीत निजवलं, जावई सान्तान उशाशी बसला. संध्याकाळ होत आली होती. मध्यावर पोचले तर असं धुकं उतरलं, की होडीचं नाकही दिसेना.

आणि घंटा झाली.

“आज नको, बाबा,” सान्तान म्हणाला. “ती जाईल.”

इनासलाही थांबायचं नव्हतं. बायको गेली, आता हीही जाणार, या भीतीने तो जीव खाऊन वल्हवत होता. पण इतक्या वर्षांची सवय हातात मुरलेली. मन नको म्हणत असतानाच हात वर आले. वल्ह्यांचा आवाज थांबला. सान्तानने कपाळावर हात मारून घेतला.

त्या शांततेत त्यांना समोरच खडकांवर पाणी फुटताना ऐकू आलं. ओहोटीने होडी खडकांच्या तोंडाशी आणून सोडली होती. आणखी थोडं वल्हवलं असतं, तर तिघंही बुडाली असती.

इनासने वल्ह्याने रेटून होडी वळवली. पुढे त्याला वल्हवावं लागलंच नाही, असं म्हणतात. धुक्यात गल्लीएवढी वाट उघडली आणि होडी ओहोटीच्या उलट, आपली आपण मठाच्या पायऱ्यांना लागली. दिवे लागताना कार्मेलीनला मुलगी झाली. आजीचंच नाव ठेवलं तिचं.

तुला खडक कसे कळले, असं लोक म्हातारपणापर्यंत इनासला विचारत.

“मला कुठे कळले?” तो म्हणे. “हाक आली, मी थांबलो.”

आता खाडीवर पूल आहे, होड्यांना इंजिनं आहेत. तरी संध्याकाळच्या घंटेला होड्या इंजिन बंद करतात आणि पुलावरचे रिक्षावालेही गाडी कडेला घेतात. याला इथे ‘इनासची वेळ’ म्हणतात. कधी रिक्षात अडलेली बाई असते. नवरा कासावीस होऊन, थांबू नका, म्हणतो. तेव्हा कळा सोसत तीच रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि सांगते, “थांबव, भाऊ. ऐकू दे.”