ज्याच्याकडे सापडला

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत असत. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर घरोघरचे बिघडलेले संगणक दुरुस्त करण्याचे काम अंगावर घेतले. गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, कष्टाळू, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही न विसरणारा.

गावातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरचा संगणक बिघडला. फोल्डर उघडावे तर आत काही नसे, आणि पडद्यावर नको नको त्या जाहिराती उसळत. गुरुजींना ताप होता, म्हणून शिष्य एकटाच गेला. त्याने व्हायरस शोधला आणि काढला. तो निघताना व्यापाऱ्याने विचारले, "हे घरात आणलं कोणी?"

टेबलावर एक पेन ड्राइव्ह पडलेला होता. शिष्याने तो तपासला होता आणि त्यातही तोच व्हायरस निघाला होता. तो म्हणाला, "हा पेन ड्राइव्ह ज्याचा आहे, त्याने."

पेन ड्राइव्ह मल्लिनाथचा होता. मल्लिनाथ हा व्यापाऱ्याचा पुतण्या. आईबाप गेल्यावर लहानपणापासून याच घरात वाढला आणि आता दुकानात काकांच्या हाताशी होता. व्यापारी मनाचा दुष्ट नव्हता, पण राग आला की त्याला समोरचा माणूस दिसत नसे. अशी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. "पोटच्या पोरासारखा वाढवला आणि घरातच घाण आणलीस! चालता हो," तो ओरडला. मल्लिनाथने उलट शब्द काढला नाही. त्याने कपडे पिशवीत भरले आणि तो शहरात निघून गेला.

शिष्याने परत येऊन सगळी हकीकत मोठ्या उत्साहाने सांगितली. गुरुजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

थोड्याच दिवसांत व्हायरस परतला. शिष्याने संगणक पुसून कोरा केला, सगळे पुन्हा घातले. व्हायरस पुन्हा परतला. आता शिष्याचे डोके चालेना. त्याने घरातल्या एकेकाला विचारले, "संगणकाला काय काय लावता?" सून म्हणाली, "मी तर हातही लावत नाही." मुलगा म्हणाला, "माझ्याकडे पेन ड्राइव्हच नाही." व्यापाऱ्याची बायको काही न बोलता आत गेली.

अखेर गुरुजी स्वतः आले. त्यांनी संगणकाला स्पर्शही केला नाही. सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावून ते म्हणाले, "मागे मी तुमचा प्रिंटर जोडायला आलो होतो. तेव्हा माझ्या पेन ड्राइव्हमधून हा व्हायरस तुमच्याकडे आला. दोष माझा आहे."

शिष्य थक्क झाला. व्यापारी तर पेटलाच. "म्हातारपणी हात चालत नाही तर घरी बसावं! लोकांची घरं कशाला नासवता? साऱ्या पेठेत सांगतो तुमचं हे!"

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सांगा. पण माझ्यामुळं तुमच्या घरातल्या इतर वस्तूही बिघडल्या असतील. ज्याचं जे असेल ते माझ्या घरी आणून द्यावं. मी साफ करून देईन. कुणाचं काय, हे विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलगा आला आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून ठेवून गेला. सुनेने फोनमधले कार्ड पाठवले. दुपारी व्यापाऱ्याची बायको आली. पदराच्या गाठीत एक पेन ड्राइव्ह होता.

"आमच्या भजनी मंडळाचा आहे," ती म्हणाली. "चाली बसवायला घरोघर फिरतो. माझ्याकडे आला की मी लावते. देवाची गाणी, त्यात काय असायचंय, असं वाटायचं. मल्लू गेला आणि तरी बिघाड झाला, तेव्हा मला कळलं. गुरुजी, मला कळलं, आणि तरी मी गप्प बसले. ह्यांना घाबरले. लेकरू घरातून गेलं आणि मी गप्प बसले." ती रडू लागली. गुरुजींनी तिला रडू दिले.

सगळ्या वस्तूंत व्हायरस निघाला, पण तारखा पाहता सर्वांत जुना तो भजनांच्या पेन ड्राइव्हमध्येच होता. ती गेल्यावर शिष्य चिडून म्हणाला, "तुम्ही खोटं का बोललात? गावात आता आपल्याला काम कोण देईल?"

गुरुजी म्हणाले, "अरे, हा व्हायरस संगणकाला जे जे लावाल त्यात शिरतो. मल्लिनाथकडे तो त्या घरातूनच गेला होता. ज्याच्याकडे सापडला, त्यानेच आणला असं नसतं. हे तुला ठाऊक होतं. पण समोर एक नाव आलं आणि तू शोध थांबवलास. तू ते नाव सांगितलंस, त्या क्षणापासून त्या घरातला प्रत्येक माणूस आपली वस्तू लपवू लागला. लपवलेल्या वस्तूतून व्हायरस परत येत राहिला. दोष कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय त्या घराचं समाधान होत नव्हतं. मी म्हटलं, माझ्या माथी मारा. मी तिथं राहत नाही, मला कोण हाकलणार?"

मग गुरुजी शिष्याला घेऊन व्यापाऱ्याकडे गेले. "दोषी मी ठरलो आहे. आता पोराला बोलवा," ते म्हणाले.

व्यापाऱ्याने कुरकुरत फोन लावला. घरचे सगळे जवळ उभे होते, म्हणून त्याने आवाज मोठा केला. "मल्लू, ते गुरुजींच्या चुकीनं झालं होतं. तुझा दोष नव्हता. घरी ये."

 पलीकडून मल्लिनाथ म्हणाला, "काका, दोष माझा नव्हता म्हणून बोलावताय. असता तर?"

 व्यापाऱ्याच्या बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मल्लू, तो माझ्याकडून आला रे. माझ्या भजनाच्या पेन ड्राइव्हमधून."

"मला माहीत होतं, काकू," तो म्हणाला. "तू तो लावलास, त्यानंतरच बिघडलं. तुझं नाव सांगितलं असतं, तर काकांनी तुला काय केलं असतं?"

फोन बंद झाला. व्यापारी खाली बसला. 

पुढे शिष्य स्वतः शहरात जाऊन मल्लिनाथला भेटला आणि त्याने त्याची क्षमा मागितली. मल्लिनाथने त्याला चहा पाजला, घरच्यांची खुशाली विचारली, आणि परत येण्याचा विषय निघताच दुसरे काही बोलू लागला. त्या घरचा संगणक त्यानंतर कधी बिघडला नाही. शिष्याला तो कसा दुरुस्त झाला हे कळले होते, आणि काय दुरुस्त करता आले नाही, हेही.

आपल्या घरात काही बिघडते, तेव्हा आपण सर्वांत आधी काय विचारतो, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.