गुडघ्याची बातमी

दोष भाऊसाहेब ठोंबऱ्यांचा होता, दुसऱ्या कोणाचाही नाही. कबड्डी लीगचे हे अध्यक्ष संघाच्या आतल्या बातम्या सट्टेबाजांना पुरवायचे आणि बोट खेळाडूंकडे दाखवायचे. वयाने मोठे, म्हणून सगळे गप्प. केस पिकले की आपल्याकडे पापही पचतं. यंदा त्यांनी कर्णधार इंद्रजित गुरवचं नाव घेतलं. पोराचा खेळच कायमचा संपणार होता.

पुढच्या सामन्याआधी नियमाप्रमाणे चौकशी पथकाने खेळाडूंचे फोन जमा केले आणि खोलीबाहेर पहारा बसवला. भाऊसाहेब मात्र आशीर्वाद द्यायला थेट आत आले. इंद्रजित त्यांच्या पाया पडला आणि कानात म्हणाला, “साहेब, डावा गुडघा गेलाय. आज चढाई जमणार नाही. कुणाला बोलू नका.”

मग मैदानात उतरून त्याने पहिल्याच चढाईत तिघांना बाद केलं.

संध्याकाळी चौकशी बसली. पथकाचे अधिकारी म्हणाले, “इंद्रजितचा गुडघा गेल्याची बातमी सामन्याआधीच सट्टेबाजांकडे पोचली होती.”

“बघा! गुडघा याचा, बातमी यानेच फोडली!” भाऊसाहेब गरजले. “हाकला हरामखोराला!”

इंद्रजितने तिथेच चार बैठका मारल्या. “गुडघा ठणठणीत आहे. ती थाप मी फक्त तुमच्या कानात मारली, आणि तेव्हा माझा फोन या साहेबांच्या पिशवीत होता. तुमचा कुठे होता, भाऊसाहेब?”

अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. भाऊसाहेबांना फोन द्यावाच लागला. त्यात सट्टेबाजांना पाठवलेला गुडघ्याचा निरोप तसाच होता.

त्यांचं अध्यक्षपद गेलं आणि ते तुरुंगात गेले.