ठकूआजीची वेल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका, मोजणारेही आता राहिले नाहीत. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात घरं लावून देणारं एक जोडपं राहायचं. नवरा भिवा, बायको राही.

घर बांधणारे वेगळे हो. ते भिंती उभ्या करतात, आढं चढवतात आणि निघून जातात. मग त्या भिंतींच्या आत चूल कुठं मांडायची, फळी किती उंच ठोकायची, कोनाडा कुठल्या हाताला हवा, उजेड कुठून घ्यायचा, हे ठरवणारं कुणीतरी लागतं. ते काम या दोघांचं. भिवाच्या हातात लाकूड, राहीच्या हातात माती.

त्यांची एक रीत होती. कुणी बोलावलं की पहिला दिवस ते कशालाही हात लावत नसत. सकाळी जाऊन कोपऱ्यात बसायचे ते थेट दिवेलागणीपर्यंत. घरातलं कोण कुठं वाकतं, कोण कुठं अडखळतं, कुणाचा हात कुठवर पोचतो, हे नुसतं बघायचे. लोक थट्टा करायचे, "काय रे भिवा, कामाला आलास की जावई म्हणून आलास?" भिवा हसायचा. राहीचं लक्षच नसायचं. ती त्या घरातल्या सुनेच्या पाठीकडे बघत असायची.

एकदा गावातल्या कोष्ट्याने त्यांना बोलावलं. कोष्टी म्हणजे माग चालवणारा, कापड विणणारा. त्याच्या घरी त्याची आई होती, ठकूआजी. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली होती. जीभ मात्र शाबूत होती आणि चांगली धारदार होती. सगळा जन्म रहाटापाशी बसून मागासाठी सूत गुंडाळण्यात गेलेली ती बाई आता दिवसभर बाजेवर बसून राहायची. पाणी हवं तर सुनेला हाक, परसात जायचं तर सुनेला हाक. राही कोपऱ्यातून बघत होती. प्रत्येक हाकेच्या आधी म्हातारी थोडा वेळ गप्प राहायची. ओठ ओले करायची, हाक गिळायची आणि अगदीच निभेना तेव्हा मारायची.

दुसऱ्या दिवशी राहीने माती कालवली. त्या घरात मधली भिंत कुडाची होती, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली. त्या भिंतीवर, म्हातारीच्या हाताला लागेल अशा उंचीवर, राहीने मातीची उठावाची वेल काढली. बाजेपासून ती निघाली. पाण्याचा रांजण आला की वेलीला एक रुंद पान. पायरीच्या आधी तीन कळ्या. चुलीजवळ काटे. आणि रहाटापाशी एक मोठं फूल. सगळ्यावरून तिने पांढऱ्या मातीचा हात फिरवला, माती झडू नये म्हणून.

पंधरा दिवसांत ठकूआजी घरभर फिरायला लागली. "सूनबाई, तू बस. पाणी मी आणते. तुला डोळे आहेत तरी तू उंबऱ्याला ठेचकाळतेस!" असं वर ऐकवायलाही लागली. रहाट पुन्हा गरगरू लागला.

आता शेजारपाजार म्हटलं की बघायला येणारच. एक आली, चार आल्या, मग अख्खी आळी आली. "अगंबाई, काय सुरेख वेल!" "आमच्या जन्मात असली भिंत पाहिली नाही!" "राहीच्या हाताला देवीनं स्पर्श केलाय!" भिंतीवर बोटं फिरवून बाया जायच्या. म्हातारी त्याच भिंतीला हात लावून ये-जा करायची, नाहीतर बाजूला रहाट चालवत बसलेली असायची. तिच्याकडे कुणी बघत नसे.

राहीने आजवर पुष्कळ घरं लावली होती. लोक म्हणायचे, "चूल बरी झाली," "फळी टिकली." सुंदर असं कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द तिला गोड लागला. कुणीतरी विचारलं, "कशासाठी गं काढलीस ही वेल?" तिच्या जिभेवर आलं होतं, की ही म्हातारीची वाट आहे. पण तसं सांगितलं तर 'हो का, बरं केलंस' म्हणून बाया उठून जातील असं तिला वाटलं. ती नुसती हसली. म्हणाली, "सुचली."

त्या एका शब्दाने पुढचं सगळं झालं.

कौतुक पाटलीणबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी राहीला बोलावून घेतलं. "मुलीची सोयरीक ठरतेय. व्याही यायचेत बोलणी करायला. आमच्या ओसरीवर तशीच वेल काढून दे."

राही म्हणाली, "काढू की. आधी एक दिवस आम्ही दोघं तुमच्या घरात बसू."

"बसून काय करणार?"

"बघणार."

"माझं घर म्हणजे काय जत्रा आहे? वेल काढायला घर कशाला बघायला लागतं? कोष्ट्याकडे आहे तशी हुबेहूब काढ, झालं."

"तशी इथं नाही येणार, पाटलीणबाई. घर बघितल्याशिवाय आम्ही खुंटीसुद्धा ठोकत नाही."

पाटलीणबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "कोष्ट्याच्या घराला जमतं आणि पाटलाच्या घराला जमत नाही? शिंगं फुटली गं तुला!"

तेव्हाही राही खरं कारण बोलली नाही. मानाने उठून आली.

पुढं पाच दिवस भिवा आणि राही डोंगरापलीकडच्या वाडीत कामाला गेले. सहाव्या दिवशी परतले, तर वेशीतच दोघी-तिघी भेटल्या. हसत हसत एकीने सांगितलं, "राही, नशीब काढलंस! तुझी वेल पाटलांच्या ओसरीत गेली. चौघांनी भिंत कोयत्याने कापली आणि तुकडे जसेच्या तसे उचलले. आम्ही सगळ्या बरोबर होतो, वाजतगाजत नेली!"

राहीच्या हातातली टोपली खाली पडली. ती पळतच कोष्ट्याच्या घरी गेली.

मधली भिंत नव्हती. कमरेच्या वर नुसती पोकळी होती आणि तिच्यातून परसातलं ऊन आत पडत होतं. तुटक्या कारवीची टोकं बाहेर आलेली. ठकूआजी बाजेवर होती. गुडघ्याला हळदीचा लेप होता, तळहात सोललेला होता.

"पडलात, आजी?"

"हात पुढे केला, तर भिंतच नाही." म्हातारीचा आवाज शांत होता. "मला वाटलं मीच वाट चुकले. म्हणून आणखी पुढे हात केला."

राही कोष्ट्याकडे वळली. "तुमच्या तोंडातून 'नाही' निघालं नाही?"

"घर पाटलांच्या जागेत आहे, वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला. "आणि सगळं गाव बरोबर. म्हणाले, एवढी देखणी वस्तू इथं अंधारात काय कामाची?"

"अंधारात!" राही ओरडली. "अंधारातच तिचं काम होतं!"

कोष्टी तुटक्या काठ्या गोळा करू लागला. म्हातारी मात्र म्हणाली, "त्याला बोलू नकोस गं. आणि मला तरी काय कमी आहे? मी आता हाकच मारत नाही. म्हाताऱ्या माणसाला एवढं पाणी लागतं कुठं?"

ते ऐकलं आणि राहीच्या डोक्यात जाळ झाला. ती विहिरीवर गेली. तिथं सगळ्या होत्या, नेहमीसारख्या.

"माझ्या वेलीला सुंदर म्हणणाऱ्या कोण कोण होत्या? पुढे या! रोज येऊन भिंत चाचपत होतात. शेजारी एक आंधळी बाई चालत होती, ती कशी चालते हे एकीलाही दिसलं नाही?"

"आम्हांला काय ठाऊक?" एकजण कुरकुरली. "अन् रागावतेस कशाला? पाहुणे बघतील, तुझं नाव होईल."

"नाव घ्या माझं आणि धोंडा बांधून ढकला या विहिरीत!"

घरी आल्यावरही तिचा राग उतरेना. मडकी आदळत होती, स्वतःशी बडबडत होती. भिवाने बराच वेळ ऐकून घेतलं. मग रंधा खाली ठेवून एवढंच म्हणाला, "राग खरा आहे तुझा. पण ती वेल काय आहे, हे तू कुणाला सांगितलं होतंस?"

राही जागच्या जागी थांबली. तिला तो शब्द आठवला. सुचली! तिच्या रागाला आता दोन तोंडं फुटली आणि आतल्या बाजूचं जास्त चावू लागलं. पण स्वतःवर चिडून म्हातारीला पाणी मिळणार नव्हतं. ती उठली.

व्याही त्याच दिवशी आले होते. पाटलांच्या ओसरीवर गाद्या घातल्या होत्या, लोड मांडले होते. लोडांच्या वर भिंतीला टेकवून वेलीचे पाच तुकडे उभे केले होते. पाटलीणबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांना बरे दिसतील तसे लावले होते. फूल मधोमध, पान भलतीकडे, काटे एका टोकाला. व्याही आणि त्यांची माणसं माना डोलावत होती. "वा! गावातच असले कारागीर? भाग्यवान आहात."

तेवढ्यात राही ठकूआजीला हाताला धरून पायऱ्या चढून आली.

"हे काय?" पाटलीणबाई उठल्या.

"काही नाही. ज्याची वस्तू त्याला दाखवायला आणलंय," राही म्हणाली आणि तिने म्हातारीचा हात उचलून वेलीवर ठेवला.

ठकूआजीची बोटं वेलीवर आली आणि तिचं तोंड एकदम उजळलं. "अगं, ही तर माझी!" ती चालू लागली. गादीवरून, पाहुण्यांच्या मांडीवर पाय देत. बोटांना तीन कळ्या लागल्या. तिने पाय उंच उचलला आणि नसलेल्या पायरीवर ठेवला. तोल गेला, राहीने सावरलं. पुढं पान लागलं. म्हातारी खूश झाली, खाली वाकली आणि रांजणाचं तोंड शोधायला हात घातला, तो व्याह्यांच्या पागोट्यावर.

"रांजणाला फडकं कुणी गं बांधलं?" ती म्हणाली.

पाहुणे खो खो हसले. विहिरीवरच्या बायाही मागोमाग येऊन अंगणात उभ्या होत्या, त्याही हसल्या. म्हातारी पुढे गेली. काटे लागताच तिने भाजल्यासारखा हात मागे घेतला. मग थांबली. पुन्हा हळूच पुढे केला.

"राही, इथं धग नाही. चूल विझली का?" थोडा वेळ तिने इकडं तिकडं चाचपलं. "पायरी नाही, पाणी नाही, चूल नाही. सगळं माझंच आहे आणि काहीच जागेवर नाही. कुठं आणलंस गं मला?"

हसणं थांबलं.

राहीने म्हातारीला धरून लोडाशी बसवलं आणि ती वळली. "पाटलीणबाई, ही वेल नव्हती. या बाईची वाट होती. बाजेपासून रहाटापर्यंत. तुम्ही ती कापून ओसरीत लावलीत. आणि गावानं वाजतगाजत आणून दिली. मी कुणाला सांगितलं नाही, तो माझा गुन्हा. तो मी कबूल करते. पण आंधळी बाई भिंत धरून चालताना बघून ज्यांना काही कळलं नाही, त्यांचे डोळे काय कामाचे?"

पाटील मान खाली घालून बसले. व्याह्यांनी पागोटं नीट केलं, समोरचा पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला आणि उठले. "सोयरीक मोडत नाही," ते म्हणाले. "पोरीचा काय दोष? पण या आजीला आपल्या हातानं पाणी घेता येईल, त्या दिवशी मी या घरचं पाणी घेईन. तोवर नाही."

पाटलांनी लगेच माणसं बोलावली. पण कुडाची माती ती. एकदा कापली होती, उन्हात सुकली होती. दुसऱ्यांदा उचलताच काठ्यांवरून सुटली आणि अंगणात ढेकळांचा ढीग झाला. फुलाची एक पाकळीसुद्धा अखंड राहिली नाही.

वेल नव्याने करावी लागली. राहीने एक अट घातली. माती पाटलीणबाईंखेरीज दुसऱ्या कुणी तुडवायची नाही. पाटलीणबाईंनी पदर खोचला आणि भर उन्हात, साऱ्या गावासमोर, गुडघ्यापर्यंत चिखलात उभं राहून चार दिवस माती तुडवली. पहिल्या दिवशी त्या रागाने तुडवत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "म्हातारीचा हात नक्की किती उंचीवर येतो?" राहीने उंची दाखवली. पण ती हसली नाही, आणि पाटलांच्या घराला तिने पुढे कधी हात लावला नाही.

नवी वेल पहिल्यासारखीच झाली. व्याह्यांनी पाणी घेतलं, लग्नही झालं. ठकूआजी पुन्हा चालू लागली. पण पहिल्यासारखी नाही. आधी ती बोटं नुसती भिंतीवरून सोडून झपझप जायची. आता प्रत्येक पावलाआधी तळहात भिंतीवर दाबून बघायची, भिंत अजून आहे ना म्हणून. ते भय काही शेवटपर्यंत तिच्या हातातून गेलं नाही.

म्हणून सांगतात, घराचं कौतुक करायचं असेल तर भिंतीकडे पाहण्याआधी त्या घरातल्या माणसाकडे पाहावं.