टिमकीचं जाळं कोण राखणार?

ओढ्याकाठी होतं एक मैदान. मैदानात होतं एक जाळं. जाळ्यासमोर होती एक बेडकी. इवलीशी. हिरवी हिरवी. तिचं नाव टिमकी.

टिमकी होती गोलकीपर. गोलकीपर काय करते? जाळं राखते. चेंडू आला की उडी मारते. टुणुक!

टिमकीच्या संघात ससा होता. शेळी होती. कोंबडा होता. गाढव होतं. आणि कासव होतं.

आधी काय व्हायचं? सगळे जाळ्यापाशीच उभे राहायचे. समोरच्या संघातल्या माकडांचा गोल व्हायचा नाही. पण आपलाही व्हायचा नाही. एकसुद्धा नाही!

मग एकदा ससा पुढे पळाला. पळाला, पळाला आणि... गोल! सगळे नाच नाच नाचले.

दुसऱ्या दिवशी शेळी पण पुढे. मग कोंबडा पण पुढे. मग गाढव पण पुढे. मग कासव पण निघालं.

मागे कोण उरलं? टिमकी. एकटी टिमकी.

आज माकडांशी सामना होता. ससा पळाला, गोल! शेळी पळाली, गोल! कोंबडा पळाला, गोल! किती झाले? एक, दोन, तीन!

मग माकडं आली. हूप हूप हूप! अडवायला कुणीच नाही. गोल! पुन्हा आली. गोल! आणि मग आला तिसरा चेंडू. सुंऽऽऽई!

टिमकीनं उडी मारली. टुणुक! पण चेंडू मोठ्ठा, टिमकी इवलीशी. चेंडू गेला जाळ्यात. टिमकीही गेली जाळ्यात. धप्प!

फुर्रर्र! पंच पोपटरावांनी शिट्टी वाजवली. मध्यंतर झालं. तीन आणि तीन.

टिमकी जाळ्यातून बाहेर आली. तिला रडूच आलं. मग तिनं डोळे पुसले.

"असं नाही चालायचं," ती म्हणाली. "कुणीतरी मागे यायलाच हवं."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिमकी गेली थेट पलीकडच्या टोकाला. तिथे होता ससा. मध्यंतर झालं तरी ससा बसेना. नुसत्या उड्या! टपाक टपाक.

"ससेदादा, ससेदादा, मागे चला!
जाळं मोठ्ठं, मी इवलीशी,
एकटी कशी राखू?"

"छे छे छे! मी नाही येणार. चेंडू पुढे, तर मीही पुढे. शेळी येईल, तर मी येईन."

टपाक टपाक. ससा उड्या मारत राहिला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिमकी गेली शेळीकडे. शेळी गोल गोल फिरत होती. टकटक टकटक.

"शेळीमावशी, शेळीमावशी, मागे चला!
शेळी आली की ससा येईल,
ससा आला की जाळं राखू.
जाळं मोठ्ठं, मी इवलीशी,
एकटी कशी राखू?"

"छे छे छे! मी नाही येणार. उभं राहिलं की पायांना मुंग्या येतात. कोंबडा येईल, तर मी येईन."

टकटक टकटक. शेळी फिरत राहिली.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिमकी गेली कोंबड्याकडे. कोंबडा पंख झाडत होता. फडफड फडफड.

"कोंबडेकाका, कोंबडेकाका, मागे चला!
कोंबडा आला की शेळी येईल,
शेळी आली की ससा येईल,
ससा आला की जाळं राखू.
जाळं मोठ्ठं, मी इवलीशी,
एकटी कशी राखू?"

"छे छे छे! मी नाही येणार. मागे गेलो तर माझा तुरा कोण बघणार? गाढव येईल, तर मी येईन."

फडफड फडफड. कोंबडा पंख झाडत राहिला.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. टिमकीला धाप लागली. पण थांबते कशाला! टिमकी गेली गाढवाकडे. गाढव इकडून तिकडे पळत होतं. दुडदुड दुडदुड.

"गाढवमामा, गाढवमामा, मागे चला!
गाढव आलं की कोंबडा येईल,
कोंबडा आला की शेळी येईल,
शेळी आली की ससा येईल,
ससा आला की जाळं राखू.
जाळं मोठ्ठं, मी इवलीशी,
एकटी कशी राखू?"

"छे छे छे! मी नाही येणार. मागे उभा राहिलो की मला झोपच येते. कासव येईल, तर मी येईन."

दुडदुड दुडदुड. गाढव पळत राहिलं.

पोपटरावांनी शिट्टी चोचीत धरली. आता वाजणार! आता वाजणार!

टुणुक टुणुक टुणुक टुणुक! टिमकी पळाली कासवाकडे. कासव कुठे होतं? मैदानाच्या मधोमध. पुढे निघालं होतं. पण अजून पोचलंच नव्हतं!

"कासवआजोबा, कासवआजोबा, मागे चला!
कासव आलं की गाढव येईल,
गाढव आलं की कोंबडा येईल,
कोंबडा आला की शेळी येईल,
शेळी आली की ससा येईल,
ससा आला की जाळं राखू.
जाळं मोठ्ठं, मी इवलीशी,
एकटी कशी राखू?"

कासवआजोबा थांबले. त्यांनी मान बाहेर काढली.

"मागे? मी?"

"हो, आजोबा. तुम्हीच."

"अगं, सगळे पुढे पळाले, म्हणून मीही निघालो. मागे राहा, असं मला कुणी म्हटलंच नाही."

"मी म्हणते ना, आजोबा! चला ना!"

"मग हा आलोच बघ."

कासवआजोबा वळले. हळू... हळू... हळू... टिमकी त्यांच्याभोवती उड्या मारत होती. "चला, आजोबा! चला, आजोबा!" आणि कासवआजोबा जाळ्यासमोर येऊन उभे राहिले. घट्ट!

कासव आलं, म्हणून गाढव आलं. दुडदुड दुडदुड.
गाढव आलं, म्हणून कोंबडा आला. फडफड फडफड.
कोंबडा आला, म्हणून शेळी आली. टकटक टकटक.
शेळी आली, म्हणून ससा आला. टपाक टपाक.

फुर्रर्र! वाजली शिट्टी!

माकडं आली. हूप हूप हूप! मारला चेंडू. सुंऽऽऽई!

चेंडू आपटला कासवाच्या पाठीवर. टण्ण!
कासवाकडून गेला गाढवाकडे. धाड!
गाढवाकडून गेला कोंबड्याकडे. फट!
कोंबड्याकडून गेला शेळीकडे. टक!
शेळीनं दिला सशाला. आणि ससा सुटला!

टपाक टपाक टपाक टपाक... गोल! चार!

"हुर्रे!" म्हणून गाढव पुढे पळालं.

"गाढवमामा!" टिमकी ओरडली.

"अरे हो, हो! आलो, आलो." गाढव परत आलं.

मग शेळीचे पाय वळवळले.

"शेळीमावशी!"

"हो गं बाई, इथेच आहे मी."

पोपटरावांनी पुन्हा शिट्टी चोचीत धरली. शेवटचं एक मिनिट उरलं होतं. माकडं आली, सगळी आली. हूप हूप हूप!

एक माकड गाढवाला चुकवून गेलं. दुसऱ्यानं कोंबड्याला चुकवलं. चेंडू कासवाच्या डोक्यावरून उडाला. सुंऽऽऽई!

टिमकीनं बघितलं. टिमकी वाकली. टिमकीनं उडी मारली.

टुणुक!

झप्प! चेंडू टिमकीच्या मिठीत!

फुर्रर्र! संपला सामना. आपले चार, माकडांचे तीन!

ससा पलीकडच्या टोकाहून पळत आला. "धरला! टिमकीनं धरला!" शेळीनं टिमकीला चाटलं. कोंबड्यानं बांग दिली. गाढव इतकं ओरडलं, की माकडंही हसली.

पोपटराव आले. "टिमकी, चेंडू दे बरं."

टिमकीनं मान हलवली. नाही.

"राहू द्या तिच्याकडे," ससा म्हणाला. "तिनंच तर धरलाय." आणि ससा तिच्याशेजारी बसला. हो, चक्क बसला!

ससा बसला, म्हणून शेळी बसली. शेळी बसली, म्हणून कोंबडा बसला. कोंबडा बसला, म्हणून गाढव बसलं. कासवआजोबा तर केव्हाच बसले होते.

सगळ्यांच्या मधे टिमकी. टिमकीच्या मिठीत चेंडू. कुणी हलेना, कुणी पळेना.

आणि आपली गोष्टही तिथेच बसली.