तीन नाकांचे महाराज

फोटोत तुळाजीराव महाराजांना तीन नाकं आली होती.

एक नाक जागच्या जागी, दुसरं डाव्या गालावर आणि तिसरं थेट कानाशी. मिशा किती, ते कुणाला सांगता येईना. दरबार हॉलात लावायच्या फोटोसाठी बाहेरगावाहून बोलावलेला हा दुसरा फोटोग्राफर. पहिल्याने बारा अंक मोजेपर्यंत हलू नका, असं महाराजांना तोंडावर सांगितलं होतं. त्याला दिवस मावळायच्या आत संस्थानाची हद्द दाखवण्यात आली. ते ऐकून दुसरा शहाणा झाला आणि गप्प राहिला. महाराजांनी गुडघा हलवला, मिशी पिळली, दरबारात कोण जांभई देतंय ते मान वळवून पाहिलं, आणि तीन नाकं झाली.

रीतसर चौकशी झाली. महाराज हलले, असं म्हणायची सोय नव्हती. दिवाण चिंतोपंतांनी आठ दिवस विचार करून निकाल दिला की दोष यंत्रात आहे. महाराजांनी हुकूम काढला: आणखी एकदा फोटो काढावा. हलू नका, असं आम्हाला कुणी म्हणू नये. मान धरून ठेवणारा तो लोखंडी चिमटा मागे लावू नये. एवढं करून फोटो बिघडला, तर संस्थानातली झाडून सगळी फोटोची यंत्रं तळ्यात बुडवावीत.

संस्थानात यंत्र एकच होतं. सगुणा जिनगरचं.

ते तिच्या नवऱ्याचं, राघोबाचं. तो जाऊन तीन महिने झाले होते. काचा धुणं, औषधं कालवणं, अंधाऱ्या खोलीत चेहरा उमटेपर्यंत वाट बघणं, हे पंधरा वर्षं दोघांनी मिळून केलं होतं. म्हणून सगुणाने चौदाव्या दिवशी दुकान उघडलं. लोकांनी नावं ठेवली, आणि मग सोयरिकीसाठी मुलींचे फोटो काढायला तिच्याकडेच आले. यंत्र तळ्यात गेलं असतं, तर तिला पोटाला काही उरलं नसतं. आणि राघोबाचा हात लागलेली तेवढी एकच वस्तू घरात उरली होती.

काम तिच्याकडेच आलं. फोटोच्या आदल्या दिवशीच ती दरबारात जाऊन आली. महाराजांची खुर्ची तिने उत्तरेच्या खिडकीशी सरकवायला लावली. दुसऱ्या बाजूला पांढरी चादर टांगली, म्हणजे अर्धा चेहरा काळोखात राहू नये. मऊ गादी काढून कडक बैठक घातली, कारण मऊ गादीवर माणूस डुलतो. चिंतोपंत म्हणाले की ही खुर्ची चाळीस वर्षांत जागची हललेली नाही.

"खिडकी सरकवून देत असाल, दिवाणसाहेब, तर खुर्ची राहू दे," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महाराज बसले आणि लगेच त्यांचा गुडघा हलू लागला. यंत्राच्या मागे सगळा दरबार ओळीने उभा होता.

"बाई," महाराज म्हणाले, "मागचा फोटो का बिघडला?"

चिंतोपंत खाकरले. सगुणाला राघोबाची शिकवण आठवली: गिऱ्हाइकाचा चेहरा कसाही असो, दोष उजेडाला द्यायचा. पण उजेड तर तिने स्वतःच नीट करून ठेवला होता.

"कुणीतरी हललं, महाराज."

"कोण?"

"मी तिथे नव्हते. आज कुणी हललं तरी मला कळायचं नाही, माझी नजर घड्याळावर असते. पकडायला बारीक नजरेचं माणूस हवं."

आमच्याहून बारीक नजर कुणाची, असं महाराजांनी दरबाराला विचारलं. दरबारात कुणाचीच नव्हती. महाराज खूश झाले. मग जरा विचारात पडले.

"हलणारा पकडायचा कसा?"

"ते मी महाराजांना काय सांगणार? आमची मांजर कणगीपाशी उंदरासाठी कशी बसते, तेवढंच मी पाहिलंय."

महाराजांनी हात गुडघ्यांवर ठेवले. पाठ ताठ केली. डोळे दरबारावर रोखले आणि श्वाससुद्धा हळू केला. सगुणाने भिंगावरचं झाकण काढलं आणि मोजायला सुरुवात केली.

चारला चिंतोपंतांच्या नाकावर माशी बसली. महाराजांचे डोळे चमकले, पण पापणी लवली नाही. आठला माशी नाकाच्या टोकावर आली. चिंतोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाराला सगुणाने झाकण लावलं, आणि चिंतोपंतांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

"सापडला!" महाराज ओरडले.

"बारानंतर हलले, महाराज. चालेल," सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने फोटो आणला. नाक एकच होतं. नजर धारदार, मिशीच्या टोकाशी किंचित हसू. यंत्रातला दोष आपोआप दूर झाला, अशी नोंद चिंतोपंतांनी लगोलग करून घेतली.

महाराजांनी मात्र फोटो उजेडात धरून नीट निरखून पाहिला.

"काल दरबारात कुणी हललं नाही, आम्ही पाहिलं," ते सावकाश म्हणाले. "पण मागच्या वेळी सगळे असेच आमच्यासमोर उभे होते. मग बाई, तेव्हा हललं कोण?"

खिडकीतून तळं दिसत होतं. तुम्ही, म्हणावं तर संस्थानाची हद्द. कुणी नाही, म्हणावं तर दोष यंत्रात आणि यंत्र पाण्यात.

"पकडायचं काम महाराजांकडे होतं," सगुणा म्हणाली. "काल बारा अंक मोजेपर्यंत महाराजांनी त्याला जागचं हलू दिलं नाही. इतकं घट्ट त्याला दुसऱ्या कुणी धरलं असतं?"

महाराजांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि ते हसत सुटले. इतके की पगडी सावरायला दोन हुजरे धावले. दरबारही हसला, कशाला, ते नंतर विचारून घेऊ म्हणून.

तळ्याचा हुकूम फाडण्यात आला. बागेतलं काचघर सगुणाला फोटोसाठी मिळालं. तिथली विलायती झाडं चिंतोपंतांच्या देखरेखीखाली कधीच वाळून गेली होती. दारावर दरबारी फोटोग्राफर म्हणून पाटी लावायचं ठरलं. चिंतोपंतांनी बोरू उचलून विचारलं, की नाव राघोबाचं घालायचं ना?

"फोटो काढणारीचं घाला," महाराज म्हणाले.

सगुणाने हाताने माप दाखवलं.

"पाटी हातभर लांब करून द्या, महाराज. दोन नावं आहेत."

महाराजांनी दोन हात लांब करायला सांगितली.