फुकटात पाडलेली बाभूळ

जंगल संपून माळ लागतो ना, तिथे एक ससीण आपल्या चार पिल्लांना घेऊन राहत असे. तिची थोडीशी ज्वारी होती, शेताच्या मधोमध एक बाभूळ होती आणि बाभळीच्या ढोलीत पिंगळ्यांचे एक जोडपे होते. बाभळीचा पाला पडून कुजायचा, त्याने माती काळीभोर झाली होती. आजूबाजूचा माळ तडकला तरी या शेतात जरा उकरले की ओल लागायची. पण ससिणीचे तिकडे लक्षच नव्हते. दिवस कलला की ढोलीतून ‘चिर्रर्र, चिरक चिरक’ असा आवाज सुटायचा आणि तिच्या काळजाचे पाणी व्हायचे. तो आवाज करणारे कोण, केवढे, हे तिने कधी मान वर करून पाहिलेच नव्हते!

एकदा बांधावर एक उंदीर आला. “ताई, पिल्लं कशी गुबगुबीत आहेत हो तुमची! आणि वर ढोलीत ते तसलं. मला तर झोपच लागली नसती.”

“नका हो असं बोलू, भाऊ!” ससिणीने पिल्लांना जवळ ओढले.

“बोललो नाही तर कसं व्हायचं? शिवाय बघा, सावलीतली ज्वारी किती बुटकी राहिलीय. पाडून टाका ती बाभूळ. आम्ही भाऊबंद मिळून पाडून देतो. मजुरी नको, काही नको.”

काही नको? मुलांनो, “का बरं नको?” एवढे तरी तिने विचारायचे! पण ती इतकी घाबरली होती की पटकन म्हणाली, “उद्याच पाडा.”

दुसऱ्या दिवशी उंदरांची ही झुंबड उडाली. मुळे कुरतडली गेली आणि दुपारी कडाड्कन बाभूळ आडवी झाली. ढोलीतून दोन पक्षी फडफडत बाहेर पडले. ससीण बघतच राहिली. एवढेसे? मूठभर? त्यांना तिचे सगळ्यात धाकटे पिल्लूही उचलता आले नसते!

“घर पाडलंत आमचं, बाई,” पिंगळा म्हणाला. “आता राखण तुमची तुम्हीच करा.” आणि दोघे जंगलाकडे उडून गेले.

ढोली फुटून आतला पसारा मातीत सांडला होता. शेपट्या, चिमुकल्या कवट्या, पिवळे दात. ससीण भीत भीत जवळ गेली. सशाचे एकही हाड नव्हते. सगळी उंदरांची! तिच्या ज्वारीवर आलेल्या उंदरांची!

“भाऊ... म्हणून तुम्हाला मजुरी नको होती?”

बुंध्याजवळ आता एकही उंदीर नव्हता. तिने वळून पाहिले. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी ज्वारी हलत होती. आधी इथे एक ताट, तिथे एक ताट, मग सगळे शेत. कणसे टपाटप पडत होती आणि पडली की बिळांकडे सरकत होती. ससीण ओरडली, पाय आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली. संध्याकाळी शेतात नुसती ताटे उभी होती.

“आई,” थोरले पिल्लू म्हणाले, “आता आपण वर्षभर काय खायचं?”



तात्पर्य : शेतातले झाड ओळभर पीक बुटके ठेवते, पण मातीला ओल आणि पिकाला राखणदार तेच देते. घाबरून ते तोडण्याआधी, ते तोडल्याने कुणाचे फावणार आहे, हे नीट पाहावे.