राजाचं पागोटं आणि रंगाऱ्यांचा घाट

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका नगरात एक न्यायाधीश होता. माणूस असा कडक, की सावकारानं पाठवलेली आंब्याची पाटीसुद्धा दारातूनच परत धाडायचा.

त्या नगराचा राजा सात डोंगरांपलीकडे राहायचा. बापजन्मात कधी इकडे फिरकला नव्हता. न्यायाधीश म्हातारा झाला, तेव्हा राजानं त्याला आपला प्रतिनिधी नेमलं. काम एवढंच, की पालखीतून दरबारात यायचं आणि राजाचं पागोटं घालून गादीवर बसायचं. दिवाण हुकूम वाचणार, यानं मान हलवली की हुकूम लागू. पागोटं डोक्यावर असेपर्यंत मात्र चकार शब्द काढायचा नाही, असा तिथला रिवाज.

वा रे रिवाज! जन्मभर ज्या तोंडानं न्याय दिला, त्याच तोंडाला कुलूप! पण खरं सांगायचं तर म्हाताऱ्यालाही पालखी गोड लागली. पहिल्या वर्षी तो हुकूम ऐकून मान हलवायचा, दुसऱ्या वर्षी न ऐकताच.

एके दिवशी दिवाणानं वाचलं, "रंगाऱ्यांचा घाट महाराजांच्या स्नानासाठी राखीव. उद्यापासून तिथं कुणी कापड धुवायचं नाही."

मान हलणार, तोच गर्दीतून धुरपाबाई रंगारीण पुढं आली. हात कोपरापर्यंत निळे.

"अहो बाबा, हा घाट आमचा, असा निवाडा वीस वर्षांमागं कुणी दिला? तुम्हीच ना? आता कापड कुठं धुवायचं? पोरांना काय घालायचं खायला? अहो, नंदीबैलसुद्धा आधी प्रश्न ऐकतो आणि मग डोलतो!"

"गप्प बस गं!" दिवाण खेकसला. मग प्रतिनिधीकडे वळून हसत म्हणाला, "आपण मनावर घेऊ नये. मान हलवणं म्हणजे नुसता उपचार."

नुसता उपचार! म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाणाचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. दोन वर्षांत आपण कशाकशाला मान हलवली, तेही त्याला आठवेना.

त्यानं पागोटं उतरवून गादीवर ठेवलं. भर दरबारात बोडकं डोकं! लोकांनी आ वासला.

"दिवाणजी, नुसता उपचार ना? मग घ्या की या पागोट्याकडून करून! घाट रंगाऱ्यांचा आहे. निवाडा मी दिलाय, तो मोडायला माझी मान हलणार नाही."

म्हाताऱ्याची पालखी गेली. तो पायीच घरी निघाला, तेव्हा धुरपाबाईनं आपल्या हातचं निळं कापड त्याच्या डोक्याला गुंडाळलं. दोन वर्षांतले जुने हुकूम काही मागं घेता आले नाहीत, ती सल त्याला मरेपर्यंत राहिली.

दिवाण नवं डोकं शोधत गावभर हिंडला. पण ज्याला त्याला विचारावं, तर उत्तर एकच, "पागोटं घालू हो, पण हुकूम कसला ते आधी सांगा."

घाटावर कापड अजून धुतलं जातंय.

तात्पर्य: "आम्ही काय, नावालाच" असं म्हणून कुणी सुटत नाही. अन्यायाला जो नुसती मान हलवतो, तोही तो अन्याय करतच असतो.